पहले पूछ के आ

आमच्या शिरड शहापुरात पाहुणा आला की आधी त्याच्या जेवणाच्या अटी विचारून घ्याव्या लागतात. इथं मल्लिनाथ भगवानांचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. दर्शनाला लांबून लांबून माणसं येतात. त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं आणि कांदा, लसूण, बटाटा यांतलं काही चालत नाही. श्रावण सोमवारी औंढ्याच्या नागनाथाला जाणारे उपवासाचं मागतात, आणि त्यात पुन्हा भगर चालते का, मिरची चालते का, जिरं चालतं का, असे पोटप्रश्न निघतात. नर्सी नामदेव जिल्ह्यातच, त्यामुळे माळकऱ्यांना तोटा नाही. त्यांच्यासमोर अंड्याचं नाव काढायची सोय नाही. या सगळ्या मंडळींत आम्ही मुसलमान त्यातल्या त्यात सरळ. आमची अट एकच, हलाल असावं. एकच, असं आपलं म्हणायचं. अम्मीला आणि बायकापोरांना घेऊन एकदा प्रवासाला निघून बघा, म्हणजे त्या एका अटीच्या पोटात किती अटी आहेत ते कळतं.

गावात असतो तोवर हा प्रश्न पडतच नाही. रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानासमोर जी माणसं पिशव्या घेऊन उभी असतात त्यांत आम्ही असतो, पाटील असतात, मास्तर असतात, तलाठी असतो. हलाल आहे का, असं तिथं कुणी विचारत नाही, कारण दुसरं काही असू शकतं हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. ही सवय फार जुनी आहे. गावगाड्यात मुलाण्याला त्याची जागा होती. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’तही तो भेटतो. पाटलानं देवीला बोकड बोललेला असो की कुणी म्हसोबाला कोंबडं कबूल केलेलं असो, सुरी मुलाण्याच्या हातात. तो बिस्मिल्ला म्हणायचा, सुरी फिरवायचा, हक्काचा वाटा धोतराच्या सोग्यात बांधून घरी जायचा. इकडं पाटलाचा नवस फिटलेला असायचा. ज्या देवीला बोकड पोचायचा तिनं यावर कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडच्या कितीएक हिंदू घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हलालच खाल्लं, फक्त त्याला ते मटण म्हणायचे.

खरी पंचाईत गावाची वेस ओलांडल्यावर. आमच्या मौलवीसाहेबांच्या हिशोबानं माणूस सुमारे ४८ मैलांच्या पुढे निघाला की तो मुसाफिर होतो. नांदेड त्यात बसत नाही. औरंगाबाद बसतं, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. अम्मीच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे, आणि तिच्या नानीच्या तोंडी तर ते नुसतं ‘शहर’ होतं. तर मुसाफिराला मजहबनं भरपूर सवलती दिल्या आहेत. चार रकातींची नमाज दोन रकातींत होते. रोजा पुढे ढकलता येतो. जीव जायची वेळ आली तर हरामसुद्धा माफ. अल्लाहमियाँनी मुसाफिरावर एवढी मेहेरबानी केली, पण अम्मीनं तसूभर सूट दिलेली नाही. गाडी हॉटेलासमोर थांबली की मागच्या सीटवरून हुकूम येतो, “पहले पूछ के आ.”

आता काय काय विचारून यायचं? बाहेरच्या माणसाला वाटतं, मटणाचं. मटणाचा नंबर बराच खाली आहे. पहिला प्रश्न मग्ग्याचा. बायकांच्या बाथरूमला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का, आणि मग्गा आहे का. या तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढं बोलणं. नाही तर पुढचं हॉटेल. दुसरा प्रश्न बसायचा. माझी बायको बुरख्यात असते, अम्मी तर चेहऱ्यावरही नकाब घेते, आणि नकाब घेऊन रस्सा ओरपता येत नाही. तेव्हा आडोसा पाहिजे. तिसरा प्रश्न बाटलीचा, तिथं दारू मिळते का. मग चौथा मटणाचा. आणि हे सगळं जमलं तर पाचवा, जो माझा स्वतःचा आहे आणि मी मनातल्या मनात विचारतो, की एवढं सगळं असलेल्या ठिकाणी जेवण बरं मिळतं का. बहुतेक वेळा मिळत नाही.

रस्त्यावरच्या पाट्या वाचून यातलं काही कळत नाही. महाराष्ट्रात ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ नावाची एक संस्था आहे. दुसऱ्या प्रांतातल्या पाहुण्याला ती समजावून सांगताना माझी तारांबळ उडते. समोरच्या हॉलमध्ये दुपारी एक वाजता अंधार केलेला. त्यात चार टेबलांवर चार गंभीर माणसं, कुणीच कुणाकडं बघत नाही, समोर चकली नाही तर मसाला पापड. त्या माणसांच्या मधून वाट काढत, मुतारीवरून, भटारखान्याच्या दारावरून मागं गेलं की फॅमिली विभाग. याच चौघांच्या फॅमिल्या तिथं बसतात असं मला पूर्वी वाटायचं. तसं काही नसतं. तिथं आम्ही बसतो.

प्लायवूडच्या फळ्या उभ्या करून केलेल्या खोल्या, वर छतापर्यंत न पोचणाऱ्या. दाराला पडदा. हा पडदा एकदा जवळून बघण्यासारखा असतो. मूळचा लाल किंवा मरून. डाव्या काठाला, बरोबर माणसाच्या हाताच्या उंचीवर, बोटं पुसून पुसून काळपट चकाकी आलेली. वरच्या कड्यांतल्या दोन तुटलेल्या, त्यामुळे कोपऱ्यात एक तिकोनी फट कायमची, आणि नेमकी ती फट काउंटरच्या दिशेला. अम्मी आधी त्या फटीला सेफ्टी पिन लावते. पर्समध्ये त्यासाठीच्या पिना असतात. मग नकाब वर होतो, मग हवेसाठी पंखा लावावा तर पंख्यानं पडदा उडतो, मग पंखा बंद. घामाघूम होऊन आम्ही मेनू वाचतो. पोरं खाली वाकून शेजारच्या खोलीतले पाय मोजतात. पायांवरून ती माणसं ओळखायचा त्यांचा खेळ असतो आणि तो फार मोठ्यांदा चालतो. “अब्बा, इनो भी पैंजन पैने!”

या खोल्यांतल्या वाढप्यांना मी मनापासून मानतो. चांगला वाढपी पडद्याशी येऊन आधी खोकतो. नुसतं खोकून थांबत नाही, दोनतीन क्षण जाऊ देतो, मग पडदा बाजूला न करता हात तेवढा आत घालून थाळी धरतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तो मुखेडचा नाही तर देगलूरचा गरिबाचा पोर असतो, बहुधा हिंदू, आणि अदब म्हणजे काय ते लखनौच्या कुठल्या नवाबापेक्षा त्याला नीट कळतं. टीप त्याला देतो, पण ती पडद्याच्या खालून द्यावी लागते.

आता मटणाचा प्रश्न. “हलाल है क्या?” असं विचारलं की हिंदुस्थानातल्या प्रत्येक काउंटरवरून “हाँ हाँ, एकदम” हेच उत्तर येतं. मी एकदा गंमत म्हणून शुद्ध शाकाहारी उडप्याकडं विचारलं, तिथंही “हाँ साब, फ्रेश है” म्हणाला. म्हणून थेट विचारायचं नसतं. आधी गल्ल्याच्या वर बघायचं. ७८६ लिहिलेलं आहे का, काब्याचं कॅलेंडर आहे का, की साईबाबा आहेत. साईबाबा असले तर ते नक्की कुणाच्या बाजूचे हा वाद शिर्डीतच मिटलेला नाही, तर गल्ल्यावर काय मिटणार? मग आचाऱ्याची चौकशी. मग जरा इकडंतिकडं बघत, जसं काही गावाचीच माहिती घेतोय अशा थाटात, “मटण कुठून घेता हो तुम्ही?” मालकानं दुकानदाराचं नाव सांगितलं तर अर्धं काम झालं. ‘मार्केटमधून’ म्हणाला तर संपलं.

सगळ्यात खात्रीचा मार्ग जुनाच आहे. गावात शिरताना मशिदीशी गाडी थांबवायची आणि जोहरची नमाज पढून बाहेर पडणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला गाठायचं. तो हॉटेलाचं नाव सांगतो, जायचा रस्ता सांगतो, मालकाचा आजा कोण होता तेही सांगतो आणि शेवटी “इतनी दूर से आए, घरकू चलो” असा आग्रह करतो. तो आग्रह खोटा नसतो, हीच अडचण. त्यातून सुटता सुटता जेवायची वेळ टळते.

माझ्या मुलीला ही पद्धत मान्य नाही. ती मोबाईलवर शोधते. मोबाईल सांगतो, पुढं दोन किलोमीटरवर आहे, चार तारे, फोटोत हंडी बिर्याणी. आम्ही जातो. तिथं शटर खाली ओढलेलं असतं आणि शटरवर कुण्या कोचिंग क्लासची जाहिरात. तरी तिचा विश्वास उडत नाही, नवीन पिढीचा आपला एक ईमान असतो.

सरकारनं पाकिटावर हिरवा ठिपका शाकाहाराला आणि तपकिरी त्रिकोण मांसाहाराला दिला आहे, पण आमच्या अडचणीवर खूण नाही. खाजगी संस्था हलालचे दाखले देतात, त्यावरून राजकारणही तापतं. उत्तर प्रदेशानं नोव्हेंबर २०२३ मध्ये असे दाखले लावलेला माल विकायला बंदी घातली, आणि आपल्याकडं मार्च २०२५ मध्ये झटका मटणासाठी ‘मल्हार’ नावाचा दाखला निघाला. टीव्हीवर यावर तास तास चर्चा झाल्या. अम्मीनं त्या ऐकल्या आणि तिला दोन्हीतलं काहीच पटलं नाही. कागदावर तिचा भरवसाच नाही. तिला माणूस पाहिजे, ज्याचं नाव, गाव आणि शक्य झालं तर सासुरवाडी कळेल.

हा कागदावरचा अविश्वास तिनं मक्केपर्यंत नेला. हजला गेल्यावर मी म्हटलं, अम्मी, आता तरी निश्चिंत. इथं विचारायचा प्रश्नच नाही. ती पहिले दोन दिवस शांत होती. तिसऱ्या दिवशी तिनं कोंबडीच्या रिकाम्या पिशवीवर ब्राझील लिहिलेलं मुलीकडून वाचून घेतलं. ब्राझील हा जगातला सगळ्यात मोठा हलाल कोंबडी विकणारा देश आहे, सौदीत येणारी कितीतरी कोंबडी तिकडूनच गोठवून येते, हे मी तिला समजावून सांगितलं. “वहाँ मुलानी कौन है?” तिनं विचारलं. पुढं मक्केत आणि मदिनेत ती दाळ, भात आणि गावाहून नेलेला शेंगदाण्याचा ठेचा यावर राहिली आणि काबुली चण्यांचं तिथं जे काही करतात त्याला नावं ठेवत राहिली.

मोठ्या शहरांत ही चौकशी लागत नाही. औरंगाबादेत नान-खलिया खाताना कोण काय विचारणार? महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेला आणली, त्या लष्कराच्या भटारखान्यातून हा पदार्थ आला असं सांगतात. फौज परत गेली, रस्सा राहिला. मुंबईत मोहम्मद अली रोडवर, नूर मोहम्मदीसारख्या १९२३ पासूनच्या हॉटेलात नल्ली निहारी समोर येते तेव्हा तोंडातून फक्त बिस्मिल्ला निघावं. अशा ठिकाणी दुसरंच होतं. बायकांसाठीची जागा अनेकदा माडीवर असते, जिना उभा आणि अरुंद, आणि अम्मीचे गुडघे सत्तरी ओलांडलेले. वर पोचेपर्यंत तिची भूक मरते. मग जिन्यातच बसून ती म्हणते, “हमारे उधर का पडदाच अच्छा था.”

मधल्या रस्त्याचंच सगळं अवघड. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला. ७०१ किलोमीटर, गुळगुळीत. गाडी एवढी पळते की कुणाला काही विचारायचं म्हणून थांबायला गाव लागत नाही. त्या रस्त्यासाठी आम्ही घरूनच डबे नेतो. सुका कीमा, तिखट पुऱ्या, धपाटे, उकडलेली अंडी. बायको रात्री दोनला उठून हे करते आणि सकाळी गाडीत बसल्या बसल्या झोपते, म्हणजे प्रवासाचा आनंद कुणाला झाला हा प्रश्नच आहे.

नांदेडजवळच्या एका धाब्याची आठवण मात्र अम्मी अजून काढते. सरदारजींचा धाबा, बाहेर बाजा टाकलेल्या, चिकनचा वास असा की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी ठरल्याप्रमाणे विचारायला गेलो. काउंटरवरच्या सरदारजींनी माझ्याकडं पाहिलं, माझ्यामागं गाडीत बसलेल्या बुरख्यांकडं पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “भाईसाहब, हमारे यहाँ झटका है. आपको नहीं चलेगा. दाल-रोटी खाइए, तवा अलग कर देता हूँ.” शिखांच्या रहत मर्यादेत हलाल मांस वर्ज्य आहे. म्हणजे आमचा प्रश्न हा माणूस आयुष्यभर उलट्या बाजूनं विचारत आला असणार. शिरड शहापूरला येऊन त्यानं आमच्या खाटकासमोर पिशवी धरली असती तर त्यालाही दाळीवरच भागवावं लागलं असतं. अम्मीला ही बातमी सांगितली. तिला राग येईल म्हणून मी जरा लांबूनच सांगितली. ती खाली उतरली, नकाबाच्या आतूनच सरदारजींना सलाम केला, बाजेवर बसली आणि दोन रोट्या जास्त खाल्ल्या. खोली नव्हती, पडदा नव्हता, तरी तिनं तक्रार केली नाही. सरदारजींनीच एक बाज उभी करून मध्ये लावून दिली होती. “नै बोलनेवाला आदमी मिल्या,” ती म्हणाली. तेव्हापासून कुठल्याही हॉटेलात दहा वेळा ‘हाँ हाँ’ म्हणणारा मालक भेटला की तिला तो धाबा आठवतो.

आता एक गोष्ट मान्य करायला हवी, जी आमच्यातले मटणशौकीन मान्य करणार नाहीत. मुसलमान कुटुंबाला प्रवासात सगळ्यात जास्त आधार असतो तो शुद्ध शाकाहारी हॉटेलाचा. दारू नाही, मटणाचा प्रश्न नाही, बाथरूमला बहुधा मग्गा असतो, आणि दिवे लख्ख असल्यामुळे पडदा नसला तरी भिंतीकडं तोंड करून बसता येतं. या राज्यातलं निम्मं पनीर हमरस्त्यांवर आम्हीच संपवत असू असा माझा संशय आहे. पोरं कंटाळतात. “अब्बा, फिरसे पनीर?” म्हणून हातपाय आपटतात. मी म्हणतो, मेथी आहे, शेवभाजी आहे. हलाल असण्याचं दुःख ती पहिल्यांदा इथं ओळखतात.

असंच एकदा रमजानात औरंगाबादहून परत येताना जिंतूरच्या अलीकडं एका शाकाहारी हॉटेलात थांबलो. मुसाफिराला रोजा माफ असतो, पण अम्मीला माफ असणं आवडत नाही, त्यामुळे आम्ही सगळेच रोज्यात. सूर्य मावळायला थोडा अवकाश होता. खजुराचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या टेबलावर मांडून आम्ही घड्याळाकडं बघत बसलो. शेजारच्या टेबलावर एक जैन कुटुंब येऊन बसलं. नेमगिरी करून आलेले, सकाळी शिरडला मल्लिनाथांचं दर्शन करून निघालेले. गावाचं नाव निघाल्यावर अम्मीनं लगेच ओळख काढली. त्यांच्यातल्या आजीबाईंनी वाढप्याला बोलावलं.

“कांदा-लसूण?”

“नाही टाकणार आजी.”

“टाकणार नाही ते कळलं. पण कढई कांद्याचीच ना?”

“धुऊन घेतो.”

“धुऊन नको, वेगळी पाहिजे. ग्रेव्ही आधीची करून ठेवलेली असते तुमची. त्यात असतं. आणि पाणी गाळलेलं आहे का? आचारी कुठला आहे?”

अम्मी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या मौलवीसाहेबांच्या तकरीरीतही कधी पाहिलं नव्हतं. तिनं मला कोपरानं ढोसलं. “देख. ऐसा पूछते. सीख जरा.” मग आजीबाईंच्या नातीला तिनं खजूर दिला, त्या पोरीनं आधी आजीकडं पाहिलं, आजीनं खजुराकडं पाहिलं, आणि बी काढून खा म्हणाल्या.

त्यांच्यातले काका खिडकीतून सूर्याकडं बघत होते आणि मीही. त्यांना तो मावळायच्या आत जेवण उरकायचं होतं, आम्हाला तो मावळल्याशिवाय घास उचलायचा नव्हता. काकांनी वाढप्याला बजावलं, “बाबा, लवकर आण, दिवस बुडायच्या आत.” मी म्हटलं, “आमचं मात्र गरम पाहिजे, दिवस बुडाल्यावरच आण. आधी आणून ठेवू नको, पोरं बघत बसतील.” काकांच्या घड्याळात आणि माझ्या मोबाईलमध्ये मावळतीच्या वेळेत दोन मिनिटांचा फरक निघाला. मग त्या दोन मिनिटांवरून दोन्ही टेबलांवर चर्चा सुरू झाली. त्यांचं पंचांग, आमचं मशिदीचं कार्ड, मुलीचा मोबाईल. वाढपी आमच्या दोघांच्या मध्ये पेन कानावर ठेवून उभा होता.

“काका,” तो शेवटी म्हणाला, “आत आचाऱ्याला नेमकं काय सांगू? घाई हाय का नाही?”